ओळखीची खूण

फाटकमामाला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी कधी खुर्ची दिली नव्हती. बागेच्या रखवालदाराला खुर्ची हवी कशाला? बागेत चाळीस बाकं होती आणि त्यांतल्या एकावरही कामाच्या वेळात टेकायचं नाही, असा त्याला हुकूम होता. त्याचं आडनाव निराळंच होतं, पण बागेच्या फाटकाला चिकटलेल्या दोन खोल्यांत राहायचा म्हणून तो अख्ख्या वस्तीचा फाटकमामा. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, काखेत नोंदवही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मनाने वाईट नव्हता, पण भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्याची कीव करण्यात कुणाचा वेळ जायला नको.

नोंदवही हीच त्याची खरी नोकरी होती. तारीख, वेळ, किती मुलं, अंदाजे वय, काय करत होती, काय कारवाई केली, आणि शेवटचा रकाना ओळखीच्या खुणेचा. कारवाईच्या रकान्यात सव्वीस वर्षं एकच वाक्य होतं: शिट्टी मारून हाकलले. रोज सकाळी आठ वाजता उद्यान निरीक्षक स्कूटरवरून यायचा, इंजिन बंद न करताच वही मागायचा, सही ठोकायचा आणि पुढच्या बागेकडे निघायचा.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, परीक्षांच्या दिवसांत, आठवडाभर बागेत एकही पोरगं फिरकलं नाही. मामाने इमानेइतबारे सातही दिवस 'निरंक' लिहिलं. त्या सकाळी निरीक्षकाने पहिल्यांदा स्कूटर बंद केली. "सात दिवस कुणीच नाही?" तो म्हणाला. "मग तुझी तरी काय गरज?" मामाला वाटलं, साहेब थट्टा करतायत. पुढच्या महिन्यात मागच्या दारावरच्या रखवालदाराला घरी बसवलं, कारण त्याची वही निरंकांनी भरली होती. तेव्हापासून फाटकमामाच्या वहीत रोज निदान दोन पोरं येऊ लागली. खरी आली तर खरी, नाहीतर मनातली. बाग शांत होती, वही मात्र गजबजलेली होती. भरलेल्या वह्या निरीक्षकाच्या कुलूपबंद कपाटात वरच्या फटीतून सरकवल्या जायच्या आणि कपाटाची किल्ली कधीच हरवली होती, तेव्हा त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

मामाने लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तेव्हा ती दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन दादाकडे आली आणि राहिली. तिला मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात काम मिळालं. पोराला सांभाळायला कुणी नाही, म्हणून पहिले काही महिने ती त्याला तिथेच चादरींच्या ढिगाऱ्यावर बसवायची. एक दिवस ते दुडदुडत वाफेच्या नळीपाशी गेलं. डाव्या कानाच्या खालपासून खांद्यापर्यंत कातडी सोलवटली. जखम भरली, पण चुरगळलेल्या कागदासारखा डाग राहिला. त्याच्या डोक्याला तेल लावताना धाकटीचा हात कानापाशी येऊन थांबायचा आणि पलीकडून फिरायचा. पंधरा वर्षं ती त्या डागाला हात न लावता जगली.

पोरगा गोड होता. सहा-सात वर्षांचा झाल्यावर संध्याकाळी मामाच्या मांडीशी बसून वही भरायला मदत करायचा. "मामा, आज एक लाल टोपीवाला घाला," म्हणायचा. मामा घालायचा. मग एक पिवळ्या बुटांचा, एक बोबडा, एक खिशात बेडूक घेऊन येणारा. सकाळी निरीक्षक त्या बेडकावर सही करायचा आणि भिंतीआड हे दोघे पोट धरून हसायचे. त्या घरात तेवढंच हसू होतं आणि ते खोट्यावर चालायचं.

तेराव्या वर्षी पोराला यंत्रांचं वेड लागलं. खिशात कायम पाना, म्हणून मित्रांनी त्याला पान्या केलं. बंद पडलेले पंखे, मिक्सर, कुणाची सायकल, सगळं तो खोलीत आणून उघडायचा. टोप्या आणि बूट सुचवायला त्याला वेळ उरला नाही. मामा एकटा वही घेऊन बसू लागला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काहीच सुचत नाही. इतकी वर्षं कल्पना भाच्याची होती, अक्षर फक्त आपलं. मग न सुचणारा माणूस जे करतो तेच त्याने केलं. मान वर केली आणि समोर जे दिसलं ते लिहिलं. वय अंदाजे तेरा, शिडशिडीत, डाव्या कानाखाली भाजल्याचा डाग.

निरीक्षक खूश झाला. "एकाला तरी नीट ओळखायला लागलास," म्हणाला. झालं. आठवड्याला एकदा, कधी दोनदा, डागवाला पोरगा वहीत यायला लागला. मामाने त्याचं वयही इमानाने वाढवलं. तेराचा चौदा, चौदाचा पंधरा. आधी तो नुसती फुलं तोडायचा. मग निरीक्षकाने विचारलं, इतका मोठा झाला तरी अजून फुलंच? तेव्हा मामाने त्याच्या हाती आधी सिगारेट दिली, मग बाटली, आणि शेवटी फडक्यावर काहीतरी ओतून हुंगायला लावलं. आणि हे लिहिताना खरा भाचा पुढ्यात बसून भाकरी मोडत असायचा.

असं चार वर्षं चाललं. मामाच्या निवृत्तीला काही महिने उरले आणि पालिकेने ठराव आणला की बागेचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा वाट चुकलेल्या मुलांच्या पुनर्वसन केंद्राला द्यायचा. नशेत अडकलेली, शाळा सोडलेली, पोलिसांच्या हाती लागलेली, अठराच्या आतली पोरं तिथे राहतील, काम शिकतील, सुधारतील. वस्ती पेटून उठली. एरवी जी माणसं वर्षवर्ष बागेत पाऊल टाकत नव्हती, ती सारख्या रंगाचे टीशर्ट घालून पहाटे फेऱ्या मारू लागली. त्यांचे पुढारी दातांचे एक निवृत्त डॉक्टर, ज्यांच्या गच्चीतून नेमका तो पूर्वेकडचा हिस्सा दिसायचा. केंद्राच्या बाजूने उभ्या होत्या त्या चालवणाऱ्या संस्थेच्या संचालिकाबाई. बोलायला मऊ, आणि मुलांविषयी बोलताना डोळे हमखास भरून यायचे.

अडचण एकच होती. डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं की इथली पोरं आधीच डोकेदुखी आहेत, आणखी आणू नका. बाईंना सिद्ध करायचं होतं की इथली पोरं संकटात आहेत, केंद्र इथेच हवं. दोघांनाही पोरं हवी होती आणि दोघांनीही एकही पाहिलं नव्हतं. मग कुणालातरी वही आठवली. डॉक्टरांनी अर्ज केला, बाईंनी अर्ज केला. कपाटाचं कुलूप तोडलं गेलं. सव्वीस वर्षांत साडेअठरा हजार नोंदी निघाल्या. गुडघे दुखणारा एकटा माणूस इतकी पोरं कशी हाकलेल, हा प्रश्न शहाण्यासुरत्या शेकडो माणसांपैकी एकालाही पडला नाही. ज्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. प्रश्न कोण विचारतो?

आणि मामाला खुर्ची मिळाली. आधी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, मग बाईंच्या कार्यालयात. चहा मिळाला, 'तुम्ही' मिळालं. "मामा, तुमच्या डोळ्यांनी या वस्तीचा इतिहास पाहिलाय," असं बाई म्हणाल्या तेव्हा त्याच्या पाठीचा कणा दोन बोटं वर आला. बाई एकदा फाटकावर आल्या आणि त्यांनी विचारलं, हा भाजलेला मुलगा, त्याच्याशी तुम्ही कधी बोललात का? आत खोलीत पान्या पंख्याला तेल घालत होता, बाईंकडे पाठ करून. मामाने सुस्कारा सोडला. "खूप बोललो बाई," तो म्हणाला. "ऐकत नाही." बाई गेल्यावर भाचा हसत बाहेर आला आणि म्हणाला, मी ऐकत नाही होय? मामाही हसला. अजून सगळं थट्टेवारी नेता येत होतं.

पान्याचं त्याच सुमाराला एक मोठं काम जमलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने शिकाऊ म्हणून त्याला निवडलं होतं. परीक्षा झाली, मुलाखत झाली; फक्त पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा होता. धाकटी इस्पितळात सगळ्यांना सांगत सुटली होती की माझा मुलगा आता माणसं वर नेणार.

जाहीर सुनावणी रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात ठेवली. मामाला पहिल्यांदाच माईकवर बोलायचं होतं, म्हणून धाकटीने त्याचा खाकी शर्ट इस्पितळात नेऊन वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर कडक करून आणला. भाचा आणि आई मागच्या रांगेत बसले. व्यासपीठावर सुनावणी अधिकारी, त्यांच्यापुढे वह्यांची चळत. बाजूला मामा, खुर्चीवर.

संचालिकाबाईंनी पडद्यावर आलेख दाखवले. मग त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की या वह्यांमध्ये एक मुलगा आहे. चार वर्षांत तीनशे बारा वेळा आलाय. तेराव्या वर्षी फुलं तोडत होता, सतराव्या वर्षी फडकं हुंगतोय. तीनशे बारा वेळा तो आपल्याकडे मदत मागायला आला आणि तीनशे बारा वेळा आपण शिट्टी मारली. सभागृहात चार-दोन रुमाल निघाले. मामाने कधी मोजलं नव्हतं.

मग डॉक्टर उठले. त्यांच्या हातातही तीच पानं होती. ते वाचू लागले, डाव्या कानाखाली भाजल्याचा डाग, आणि अडखळले. पुन्हा वाचलं. "हा डाग मी पाहिलाय," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीत. वीतभर अंतरावरून. या मुलाची दाढ मी काढलीय." त्यांची नजर रांगांवरून मागे मागे सरकत गेली. माना वळल्या. धाकटीचा हात आपोआप पोराच्या कॉलरपाशी गेला, तो वर ओढायला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिची बोटं त्या डागाला लागली.

अधिकारी मामाकडे वळले. आवाज सरळ होता, कामाचा. "या नोंदी खऱ्या आहेत ना? खोट्या असतील तर आत्ता सांगा. सरकारी वही आहे."

मामाने तोंड उघडलं. निवृत्तीला दोन महिने आणि अकरा दिवस होते. खोट्या नोंदी म्हणजे बडतर्फी. निवृत्तिवेतन गेलं, खोल्या गेल्या, तीन माणसं सामानासकट रस्त्यावर. एकच शब्द बोलायचा होता. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पान्या उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि घाई जास्त होती, पडणारं भांडं झेलायला माणूस धावतो तेव्हा असते तशी.

"मीच तो," तो म्हणाला. "मामांनी खरं लिहिलंय."

असं बोलून त्याने मामाकडे पाहिलं. मामाला ती नजर पुरती कळली. पोराने त्याला वेळ काढून दिला होता. आता मामाने म्हणायचं, नाही हो, पोरगा मला वाचवतोय, आणि सगळं सांगून टाकायचं. पोराला खात्री होती की मामा तसं म्हणेल. सतरा वर्षांचा होता, खात्री असणारच.

"ओळखता का याला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझा भाचा आहे," मामा म्हणाला, आणि गप्प बसला.

मग एक बाई हुंदका देत म्हणाली की अरे, याने स्वतःच्या भाच्यालाही सोडलं नाही. आणि टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी वाजवल्या, संचालिकाबाईंनी वाजवल्या, टीशर्टवाले उभे राहिले. महिनाभर एकमेकांच्या उरावर बसलेल्या माणसांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे फाटकमामाचा प्रामाणिकपणा. मामाने हात जोडले. टाळ्या बऱ्या वाटत होत्या, हे त्याने स्वतःपासूनही लपवलं.

त्या दिवशी घरी आल्यावर धाकटी दारातच उभी राहिली. पोरगा नळाखाली तोंड धूत होता.

"दादा," ती म्हणाली, "तो खरंच बागेत जायचा का?"

खरं सांगायला ही चांगली जागा होती. ऐकायला फक्त बहीण होती, सरकार नव्हतं. मामाने शर्टाची बटणं काढली, शर्ट खुंटीला लावला, आणि म्हणाला, "मी जेवायला आत आलो की जात असेल."

मामा जेवायला बसायचा तेव्हा पोरगा त्याच्या समोरच जेवायला असायचा. भाकऱ्या ती स्वतः वाढायची. कुणालाही कळावं इतकं सोपं होतं. पण दादाने आयुष्यात तिला कधी फसवलं नव्हतं, आणि सभागृहभर माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि पोराने आपल्या तोंडाने कबूल केलं होतं. इस्पितळाच्या चादरी धुऊन धुऊन कुठला डाग कशाचा हे तिला नजरेने कळायचं. दुसऱ्या दिवसापासून ती पोराचे शर्ट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरू लागली. नाकाला लावू लागली. तेलाचा वास यायचा, पंख्याच्या. ती पुन्हा हुंगायची. पोराने एकदा ते पाहिलं आणि शर्ट तिच्या हातातून न घेता तसाच उघडा बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी पान्या मामाला म्हणाला, "आता सांगायचं ना, मामा?" मामा म्हणाला, निवृत्तीचे कागद तेवढे निघू देत, मग सांगतो. वर्तणुकीचा दाखला नाकारला गेला. लिफ्टच्या कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवलं. कागद निघाले. मग मामा म्हणाला, आता बोललो तर दिलेलंही काढून घेतील, जरा दम धर. पोराने पुढे विचारणं सोडलं.

बागेचा तिढाही सुटला. सुनावणीच्या निकालात केंद्र मंजूर झालं, आणि डॉक्टरांच्या समाधानासाठी मधे बारा फुटांची भिंत. पोरं सुधारतील आणि दिसणार नाहीत, असा दोघांनाही मान्य तोडगा. तीन महिन्यांत पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. पान्याला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं; तिथे कुणाला फार बोलावं लागलं नाही. कबुली सुनावणीच्या इतिवृत्तात होतीच. दीड वर्ष, केंद्रात राहून. यादीत पान्याचं नाव पहिलं. संचालिकाबाईंनी आवर्जून सांगितलं की याच मुलामुळे केंद्र झालं, तेव्हा मान त्याचा.

निरोपाच्या समारंभात मामाला दोन्ही बाजूंनी मिळून भिंतीवरचं घड्याळ दिलं. खोल्या सोडून भावंडं जवळच भाड्याने राहू लागली. नव्या जागेत वेळ जाता जात नव्हता. मामा विचार करत बसायचा. आधी त्याला वाटायचं, मी चुकलो. मग वाटायला लागलं, पोराने उठायची काय गरज होती? कुणी सांगितलं होतं? मग एक दिवस असं मनात आलं की निर्दोष पोरगा उगाच कशाला उठेल? काहीतरी असेलच. तो पाना, ते मित्र, ती तासन्तास यंत्रांत डोकं घालून बसायची सवय. आपल्याला आपसूक कळलं असेल, म्हणून लेखणीतून उतरलं. हे सुचल्यापासून त्याला झोप लागू लागली. आजूबाजूच्या माणसांना तो सांगू लागला की स्वतःचं रक्त असलं तरी डोळे झाकता येत नाहीत. माणसं मान डोलवायची.

केंद्रात रोज सकाळी मुलांना गोल बसवायचे आणि एकेकाने उठून आपली नशा कबूल करायची. जो नाही म्हणेल त्याचा महिना वाढायचा, कारण नाही म्हणणं हेच आजाराचं मुख्य लक्षण, असं तिथल्या समुपदेशकाचं मत होतं. पहिल्या महिन्यात पान्या नाही म्हणाला. महिना वाढला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्या महिन्यापासून तो कबूल करू लागला.

मग भेटीची परवानगी मिळाली. दोघं रविवारी गेले. पत्र्याखाली एक टेबल, एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला केस बारीक कापलेला, निळ्या टीशर्टातला पान्या. टीशर्टला कॉलर नव्हती. धाकटीने डबा पुढे ठेवला. पहारेकऱ्याने आधी तो उघडून चमच्याने ढवळून पाहिला. पोराने मामाकडे पाहिलं. सात महिने तो एकाच वाक्याची वाट पाहत होता आणि आता मामाचे ओठ हलत होते.

मामाने टेबलावरून हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता तरी सुधार, बाळा."

पोरगा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पहारेकरी जवळ आहे म्हणून बोलतोय का, डोळा मिचकावतोय का, काहीतरी शोधत राहिला. तिथे काहीच नव्हतं. मामा मनापासून बोलत होता. मग त्याने आईकडे पाहिलं.

धाकटीने डबा त्याच्याकडे सरकवला.

"मामा सांगतात ते ऐक," ती म्हणाली.